गोड्या पाण्यातील मासा : त्याची चव आणि त्याचे रांधणे

समुद्राचा मासा तोच खरा मासा, नदीचा मासा म्हणजे नुसता चिखल, असे एक मत किनाऱ्यावरील लोकांत फार दिवसांपासून रूढ आहे. आम्ही कोकणी बोलणारी माणसे तर या मताची विशेष अभिमानी. घाट चढून बेळगावच्या पठारावर वस्तीस आलेल्या कुटुंबांतून आजही कारवार, गोवा वा मालवणहून बर्फात येणाऱ्या बांगड्याची वाट पाहिली जाते. आणि घटप्रभेत किंवा हिडकलच्या जलाशयात पहाटे धरलेला ताजा मासा त्याच बाजारात समोर मांडलेला असूनही त्याच्याकडे पाठ फिरवली जाते.

ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट असती, तर तिच्यावर शाळेच्या वार्षिकात लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मोठ्यांच्या जिभेवरचे मत मुलांच्या डब्यापर्यंत पोहोचते. ज्याच्या डब्यात नदीची मासळी, त्याचे घर हलके, अशी भावना नकळत मुलांच्या मनात रुजते. ज्या अन्नावर आपल्या शेजाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या, त्याला नावे ठेवण्यापूर्वी ते अन्न नीट समजून घेणे हे सुशिक्षिताचे कर्तव्य होय. म्हणून गोड्या पाण्यातील माशाची चव कशामुळे निराळी लागते आणि तो चांगला कसा रांधावा, या दोन प्रश्नांचा येथे विचार करू.

चवीचे मूळ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रातील बहुतेक माशांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे झिरपते, हा परासरणाचा नियम आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. या नियमाने समुद्रातील माशाच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. पाण्यात राहूनही त्याला तहान असते, व ती भागवण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो. या ओढाताणीत तोल राखण्यासाठी समुद्रातील जीव आपल्या पेशींत काही द्रव्ये साठवून ठेवतात. त्यांत ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले असतात, आणि ग्लायसीन चवीला गोड असते. कोळंबी, खेकडे व तिसऱ्या यांचा जो गोडवा आपण वाखाणतो, तो मुख्यतः या द्रव्यांचा होय.

नदीतील माशाची स्थिती याच्या नेमकी उलट. त्याच्या रक्तातील क्षार भोवतालच्या पाण्याहून अधिक. म्हणून पाणी आपण होऊन कल्ल्यांवाटे त्याच्या अंगात शिरते आणि ते बाहेर टाकणे हेच त्याचे काम होऊन बसते. अशा माशाला ती द्रव्ये साठवण्याची गरज नसते. म्हणून त्याचे मांस चवीला सौम्य लागते. त्याला बेचव म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. उकडलेला बटाटाही सौम्यच असतो, पण त्याची भाजी बेचव झाली तर दोष आपण बटाट्याला देत नाही.

या सौम्यपणाचा एक लाभही आहे. समुद्रातील माशांच्या मांसात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य बरेच असते. त्याला स्वतःचा वास नाही. परंतु मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर ट्रायमेथिलअमाइनमध्ये करतात, आणि शिळ्या माशाला येणारा हिंवस वास तो हाच. गोड्या पाण्यातील बहुतेक माशांत हे द्रव्य अत्यल्प असते. तेव्हा हिंवसपणाच्या बाबतीत ताजा रोहू हा दोन दिवसांच्या बांगड्याहून केव्हाही सरस ठरेल.

मातकट वास कोठून येतो

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. नदीच्या वा तळ्याच्या माशाला कधी कधी मातीचा वास येतो, ही गोष्ट खरी आहे. मासा चिखल खातो म्हणून असे होते, हा समज मात्र अपुरा आहे. साचलेल्या पाण्यात व तळच्या गाळात वाढणारी काही नीलहरित शैवले आणि मातीतील काही सूक्ष्म जीव एक द्रव्य निर्माण करतात. त्याचे नाव जिओस्मिन. ग्रीक भाषेतील भूमी व वास या अर्थांच्या दोन शब्दांवरून गर्बर आणि लेशेव्हालिए या शास्त्रज्ञांनी १९६५ साली हे नाव दिले. त्याच जातीचे आणखी एक द्रव्य मिथिलआयसोबोर्निऑल हे आहे. ही द्रव्ये पाण्यातून मुख्यतः कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात जातात आणि त्याच्या चरबीत साठून राहतात.

मौजेची गोष्ट अशी की, पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणारा जो मृद्गंध आपल्याला इतका प्रिय असतो, त्यातही जिओस्मिनचाच वाटा मोठा असतो. बीट या कंदाला येणारा मातीचा वासही याच द्रव्याचा. मनुष्याच्या नाकाला ते इतके लवकर कळते की, एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे पाच-दहा भाग असले तरी पुरे होतात. म्हणजे अंगणात जो सुगंध, तोच ताटात दोष ठरतो. आणि हा दोष माशाच्या जातीचा नव्हे, तो ज्या पाण्यात वाढला त्या पाण्याचा आहे. वाहत्या, स्वच्छ पाण्यातील मासा आणि शेवाळलेल्या डबक्यातील मासा एकाच जातीचे असले, तरी चवीला भिन्न लागतात ते यामुळेच. मातकट मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवला, तर त्याच्या अंगातील हा वास हळूहळू उतरतो. मत्स्यशेती करणारे जाणते लोक विक्रीपूर्वी असे करतात.

मासा ओळखणे

बाजारात रोहू, कटला व मृगळ ही त्रयी सर्वत्र दिसते. हे मूळचे प्रामुख्याने उत्तरेकडील नद्यांचे मासे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीज विपुल मिळू लागले आणि दक्षिणेतील धरणा-तलावांतूनही हे मासे पसरले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. कटल्याचे डोके मोठे व चरबीदार. त्याचे कालवण रसाळ होते. रोहूचे मांस घट्ट असून तळण्यास उत्तम. मृगळ तळाशी चरणारा, म्हणून त्याची सफाई अधिक काळजीने करावी.

मरळ हा निराळ्या जातीचा मासा. त्याला हवेत श्वास घेता येतो. म्हणून तो बाजारात जिवंत आणता येतो, आणि जिवंत माशाहून ताजा मासा दुसरा कोणता? त्याचे मांस पांढरे, घट्ट व कमी काट्यांचे असते. लांबट वाम चवीला स्निग्ध असते. मिशाळ शिंगाळ्याला खवले नसतात व मांसात बारीक काटेही नसतात; लहान मुलांना तो निर्धास्त देता येतो. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला व आज जागोजाग आढळतो.

आमच्या नद्यांच्या स्वतःच्या जातीही पुष्कळ आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक माशांना त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोलस, मुरे ही नावे त्यामुळे जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली आहेत. ज्या माशांना आमच्या नदीकाठच्या माणसांनी नावे दिली आणि शास्त्राने ती मानली, त्यांना आम्हीच परके मानावे हे विचित्र नव्हे काय?

मासा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. डोळे फुगीर व चकचकीत असावेत, कल्ले लालभडक असावेत, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. चौथी गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे मासा कोणत्या पाण्यातला आहे.

साफ करणे व काटे

मातकट वासाचा निम्मा बंदोबस्त विळीवरच होतो. खवले काढून पोट चिरावे व कल्ले समूळ काढून टाकावेत. पोटाच्या आतल्या बाजूस काळपट पापुद्रा असतो, तो खरवडून काढावा. कण्यालगत गोठलेल्या रक्ताची रेघ असते, ती नखाने मोकळी करून धुवावी. ज्या माशाला वास अधिक असेल, त्याची कातडी व बाजूच्या रेषेखालचे तांबूस मांसही काढून टाकावे. कारण तो वास चरबीत असतो आणि चरबी तेथेच अधिक असते. पोट चिरताना पित्ताची हिरवट पिशवी फुटू देऊ नये. ती फुटल्यास मांस कडू होते. काही लोक माशाचे पित्त औषध म्हणून गिळतात, ते अत्यंत घातक आहे. रोहूसारख्या माशांच्या पित्ताने माणसाचे मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

रोहू-कटल्याच्या मांसात, विशेषतः पाठीच्या व शेपटीकडच्या भागात, दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात. ते कण्याला जोडलेले नसल्याने कणा काढला तरी मांसातच राहतात. त्यावर उपाय असा की, धारदार सुरीने तुकडीवर दोन-तीन मिलिमीटरांच्या अंतराने आडव्या चिरा द्याव्यात, मात्र तुकडी तोडू नये. काट्यांचे लहान लहान तुकडे होतात व तेलात तळताना ते कुरकुरीत होऊन जातात. पोटाकडच्या तुकड्यांत फक्त बरगड्या असतात. म्हणून जाणती गृहिणी पोटाची तुकडी मुलाच्या ताटात वाढते आणि शेपटीची स्वतः घेते.

शिजवण्याचे तत्त्व

किनाऱ्यावरचे हुमण हा साधा, पण सूक्ष्म चवीचा पदार्थ आहे. ओले खोबरे, मिरची, तिरफळे, आमसूल. त्या रसात कच्चा बांगडा सोडला की काम झाले. कारण तेथे मासाच रसाला चव देतो. हीच रीत रोहूला लावली, तर रस पाणचट व मासा मातकट लागतो, आणि मग आम्ही माशाला दोष देतो. वस्तुतः चुकते ती रीत. समुद्राचा मासा कालवणाला चव देतो; नदीच्या माशाला कालवणाने चव द्यावी लागते. सगळा भेद एवढाच आहे.

ज्या प्रांतांत नदीचा मासा आवडीने खाल्ला जातो, तेथील पद्धती पाहिल्या तर हेच आढळते. बंगालात माशाला मीठ-हळद लावून तो आधी मोहरीच्या तेलात तळतात व मग रश्शात सोडतात. आंध्र व तेलंगणात चिंचेच्या दाट कोळात तो शिजवतात. आमच्या घाटावरच्या घरांतून कांदा, सुके खोबरे, तीळ व लसूण भाजून केलेल्या वाटणात तो घालतात. म्हणजे तीन गोष्टी सर्वत्र समान आहेत : मिठाने आधी पाणी काढणे, तळून वा परतून खमंगपणा आणणे, आणि आंबट वा तीव्र मसाल्याची जोड देणे.

यांतील आंबटाचे महत्त्व विशेष आहे. प्रयोगशाळेत तीव्र आम्लाच्या योगाने जिओस्मिनचे रूपांतर वासरहित द्रव्यात होते. चिंच वा लिंबू इतके तीव्र नाही, म्हणून त्याने सर्व वास नाहीसा होईल असे नव्हे. तो कमी भासतो व झाकला जातो, एवढे निश्चित. हा अनुभव आजचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११२९च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात माशांचे प्रकार सांगितले आहेत, तसेच मासे धुऊन त्यांचा वास घालवण्याच्या व चिंचेच्या पाण्यात शिजवण्याच्या रीतीही दिल्या आहेत. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथून समुद्र फार दूर. नदीचा मासा एकेकाळी राजाच्या पंक्तीला होता, हे आपण विसरू नये.

एक कृती

एक किलो रोहू किंवा कटल्याच्या बोटभर जाडीच्या तुकड्या घ्याव्यात. त्यांना दोन चमचे मीठ, एक चमचा हळद व अर्ध्या लिंबाचा रस चोळून २० मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी टाकून द्यावे, तुकड्या एकदा धुऊन निथळाव्यात व स्वच्छ फडक्याने कोरड्या कराव्यात. ओली तुकडी तेलात तळली जात नाही, उकडली जाते. म्हणून ही पायरी गाळू नये.

दोन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परतावेत. अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, दोन चमचे धणे, एक चमचा तीळ, चार मिरे व दोन लवंगा वेगवेगळे भाजावेत. त्यांत दहा-बारा लसणीच्या पाकळ्या व बोटाच्या पेराएवढे आले घालून सर्व बारीक वाटावे. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ काढून ठेवावा.

तव्यावर थोड्या तेलात तुकड्या दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटे, तळून बाजूला ठेवाव्यात. आतून त्या कच्च्या राहिल्या तरी या वेळी चालेल. तळणीचे तेल पुन्हा वापरू नये. चरबीतला वास त्यात उतरलेला असतो. पातेल्यात नवे तेल तापवून एक चिरलेला कांदा मऊ करावा, वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, मग दोन चमचे तिखट, चिंचेचा कोळ, तीन वाट्या गरम पाणी व बेताचे मीठ घालून दहा मिनिटे चांगले उकळावे. आता तुकड्या अलगद सोडून मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजवावे. पळीने ढवळू नये. पातेले दोन्ही हातांनी धरून हलवावे. मासा मटणासारखा फार वेळ शिजवायचा नसतो. तुकडीचे मांस पापुद्र्यांनी सुटू लागले आणि कण्याजवळ पांढरे झाले की तो झाला. तथापि गोड्या पाण्यातील माशांत परजीवी असू शकतात, म्हणून तो अर्धकच्चा कधीही खाऊ नये. उतरल्यावर अर्धा तास झाकून ठेवल्यास आंबट व मसाला आत मुरतो. ज्वारीची भाकरी व कच्चा कांदा यांच्याबरोबर हे कालवण उत्तम लागते.

विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या मदतीने एक सोपा प्रयोग करावा. एकाच माशाच्या दोन सारख्या तुकड्या घ्याव्यात. एक केवळ मिठाच्या पाण्यात उकडावी, दुसरी त्याच पाण्यात चिंचेचा कोळ घालून. दोन्ही डोळे मिटून चाखाव्यात व काय वाटले ते वहीत लिहून ठेवावे. ऐकीव मत आणि अनुभवाने मिळवलेले ज्ञान यांतील अंतर या दोन घासांत समजेल.

नदीशी असलेले नाते

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. उत्तम मसाला, उत्तम चिंच व निष्णात हात असूनही पाणी बिघडलेले असेल, तर मासा सुधारत नाही. गावाचे सांडपाणी व शेतातील खतांचा निचरा नदीत आला की शैवाल माजते. शैवाल माजले की मातकट वास वाढतो. कारखान्याच्या नाल्याजवळ धरलेला अथवा मरून तरंगणारा मासा तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यातील विषारी द्रव्ये चिंचेने वा आचेने जात नाहीत.

तसेच, पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत चढणीचे मासे येतात, ते अंडी घालण्यासाठी. त्या दिवसांत ते सहज हाती लागतात म्हणून टोपल्या भरून आणण्यात पुरुषार्थ नाही. रोहूची एक मोठी मादी लाखांनी अंडी घालते. अशी एक गाबोळीने भरलेली मादी पाण्यात राहू देणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या अनेक पंक्तींची तजवीज करणे होय. किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, ती याच विचाराने. मग घाटावरच्या नदीलाही दोन महिन्यांची उसंत का मिळू नये?

माशाची चव ही त्याच्या पाण्याची साक्ष असते. समुद्राने आम्हांस जे दिले त्याचा अभिमान आम्ही खुशाल बाळगावा. परंतु ज्या नद्यांच्या खोऱ्यांत आज आमची घरे आहेत, त्यांच्या पाण्याशी व त्या पाण्यावर पोसलेल्या माणसांशीही आमचे काही देणे लागते. पुढच्या वेळी कोणाच्या डब्यात नदीची मासळी दिसली, तर नाक मुरडण्याऐवजी ती कोणत्या पाण्यातली आणि घरी कशी रांधली, एवढे विचारावे. बहुधा तो डबा अर्धा तुमच्यापुढे सरकवला जाईल.